गासांदीचा गाल आणि मेलाँची रेघ

सतराव्या शतकातला फ्रेंच उत्कीर्णक क्लोद मेलाँ याने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं खगोलनिरीक्षक प्येर गासांदीचं व्यक्तिचित्र समोर आलं की माझी नजर आधी गालावर जाते. तिथे आडव्या-उभ्या रेघांची जाळी नाही. सगळ्या रेघा एकमेकींना समांतर वाहतात. सावली हवी तिथे तीच रेघ जाड होते, उजेडाकडे बारीक होत जाते. बडोद्याच्या फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंग शिकताना मी तांब्याच्या पत्र्यावर ब्यूरिन, म्हणजे रेघ कोरायचं टोकदार पोलादी हत्यार, चालवलं आहे, त्यामुळे यातली मेहनत मला मनगटात कळते. ब्यूरिन स्थिर धरायचं आणि वळण घ्यायला पत्रा फिरवायचा. जोर जरा जास्त पडला की रेघ खोल जाते, तिथे शाई जास्त बसते आणि गालावर डाग उमटतो. जाळी मारली तर असं काही झाकून जातं. मेलाँने ती सोयच ठेवली नाही. १६४९ मध्ये तर त्याने ख्रिस्ताचा अख्खा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून निघालेल्या एकाच चक्राकार रेघेत कोरला!

गासांदी (१५९२–१६५५) दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समधल्या खेड्यातला. पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला, आणि धर्मगुरू असूनही सगळं जग अणूंचं बनलंय असं सांगणारा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा अणुवाद त्याने हिरीरीने मांडला. मला मात्र तो आवडतो ७ नोव्हेंबर १६३१ या दिवसासाठी. बुध सूर्यबिंबावरून जाणार, हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने वर्तवलं होतं. तो आदल्याच वर्षी वारला होता. पॅरिसमध्ये गासांदीने दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा अंधाऱ्या खोलीत कागदावर पाडली. ढग येत-जात होते. काळा ठिपका दिसला, पण इतका बारीक, की त्याला आधी तो सौरडागच वाटला. बुधाचा दिसणारा व्यास दोन-तीन कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असेल असा तोवर समज होता. मोजला तर जेमतेम २० विकला, म्हणजे कलेचा तिसरा हिस्सा भरला. पण ठिपका भराभर सरकत होता, सौरडाग तसे सरकत नाहीत. मोठमोठ्यांचे आकडे बाजूला ठेवून त्याने कागदावर दिसलं ते मानलं.

बडोद्यातल्या दांडिया बाजारात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी या चित्रासोबत मेलाँचा चंद्रही दाखवते. गासांदीचा विद्वान मित्र पेरेस्क आणि गासांदी यांनी त्याला प्रोव्हान्समधल्या एक्स शहरात दुर्बिणीला बसवून चंद्र कोरून घेतला. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली कुठल्या डागावर किती वाजता पोचते ते वेगवेगळ्या गावांतून टिपायचं आणि त्यावरून रेखांश काढायचे, असा बेत होता. त्यासाठी चंद्राचा नकाशा हवा होता. १६३७ मध्ये पेरेस्क गेला आणि काम तिथेच थांबलं. पौर्णिमेचं एक आणि अर्धचंद्राची दोन, अशी तीनच चित्रं झाली.

पुढे रोबेर नाँते या दुसऱ्या फ्रेंच उत्कीर्णकानेही गासांदी कोरला. कसब त्याच्याही हातात भरपूर होतं. तरी मला मेलाँचाच गासांदी जवळचा वाटतो, कारण मेलाँने या माणसाबरोबर एकाच दुर्बिणीतून चंद्र पाहिला होता.