फोंतेन्हासमध्ये जेवायला जाताना

पणजीत आल्यावर फोंतेन्हासच्या निळ्या-पिवळ्या भिंतींचे फोटो काढून लोक निघून जातात, याचं वाईट वाटतं. पोर्तुगाल, मोझांबिक आणि ब्राझील एकाच जेवणात चाखता येतील अशी ही वस्ती आहे. फक्त वेळ सांभाळा. दुपारी तीनच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या आसपास उघडतात. म्हणून साडेबारालाच बसा.

सुरुवात रिसोइसने करावी. ही कोळंबीची अर्धचंद्राकृती तळलेली करंजी. मैद्याची उकड काढून पारी लाटतात, आत पांढऱ्या सॉसमधली कोळंबी. सारण पूर्ण गार आणि घट्ट नसेल तर तळताना ती फुटते आणि तेल आत शिरतं. गरम असतानाच खा, गार झाल्यावर पारी चिवट होते. शेजारी क्रोकेट (तळलेले लांबट रोल) दिसतील, ते बहुधा बीफचे असतात. चालत नसेल तर आधी विचारा.

काफ्रियाल मोझांबिककडून आलं, पोर्तुगीजांच्या आफ्रिकन सैनिकांबरोबर, असं मानतात. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी आणि लिंबू किंवा व्हिनेगर यांचं वाटण कोंबडीच्या तंगडीला हाडापर्यंत चिरा देऊन चोळतात. निदान चार तास मुरायला हवं, रात्रभर ठेवलं तर उत्तम. मग थोड्या तेलात परततात. चांगलं काफ्रियाल अंगासरशी कोरडं असतं. ताटलीत पातळ हिरवा रस्सा तरंगत असेल तर मुरवण घाईत झालंय, मांस आतून फिकंच लागणार. शाकाहारींनी मशरूमचं मागावं, बऱ्याच ठिकाणी मिळतं.

विंदालू मात्र नीट समजून घ्यायला हवं. मूळ पोर्तुगीज नाव 'विन्या द आल्योस', म्हणजे वाइन आणि लसूण. इथे वाइनच्या जागी माडीचा व्हिनेगर आला (गोव्यात माडीला सूर म्हणतात), आणि अमेरिकेतून आलेली लाल मिरची. बटाट्याचा त्यात काहीच संबंध नाही, 'आल्योस'चं कुणीतरी आलू केलं. घरच्या अंदाजाने एक किलो डुकराच्या मांसाला दहा-बारा सुक्या काश्मिरी मिरच्या, लसणाचा एक अख्खा गड्डा, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी आणि अर्धी वाटी व्हिनेगर. मसाला व्हिनेगरमध्येच वाटायचा. पाण्यात वाटला तर चव पातळ होते आणि टिकतही नाही. शिजवलेल्या दिवशी व्हिनेगर नाकात चढतो, दुसऱ्या दिवशी तो मांसात मुरतो. म्हणून हॉटेलात 'कालचं आहे का?' असं बिनधास्त विचारा.

पेयात हंगाम बघा. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. बोंडांचा रस आंबवून भट्टीवर एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक मार्च ते मेपर्यंतच ताजं मिळतं. लिंबूसोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. ते इतकं सहज उतरतं की उन्हात किती झालं ते कळत नाही. दोन ग्लासांवर थांबा आणि मध्ये पाणी प्या. फेणीत मद्यांश साधारण ४२.८ टक्के असतो, तेव्हा थोडीच घ्या आणि आधी वास घ्या. पहिल्यांदा तो उग्र वाटतो, पण कोला ओतून झाकू नका, त्या वासातच काजूचं बोंड आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

गोडात बेबिंका. नारळाचं दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा आणि तूप. परंपरेने सात थर, प्रत्येक थर वरून निखाऱ्यांची आच देऊन खरपूस करायचा आणि मगच पुढचा ओतायचा. थर सुटे होत नसतील किंवा सगळे एकाच रंगाचे असतील तर आच कमी पडली. पोट भरलं असेल तर सेर्रादुरा घ्या, फेटलेली क्रीम आणि मारी बिस्किटांचा भुगा. पोर्तुगीजमध्ये त्या नावाचा अर्थच लाकडाचा भुसा.

निघताना थोडं विंदालू बांधून घ्या. संध्याकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा ऐकू आला की चार पोई, म्हणजे कोंड्याचे गोल पाव, घेऊन ठेवा. सकाळी त्या चिवट होतात, पण पाण्याचा हबका मारून तव्यावर झाकून दोन मिनिटं ठेवल्या की पुन्हा मऊ होतात. तोवर विंदालूही मुरलेलं असतं.