पेटीतला मजकूर बघायचा नाही

तीन आठवड्यांपूर्वी मी फूटपाथवरून पेपरची एक पेटी उचलायला लावली. नियमाप्रमाणे ती जायलाच हवी होती. तरी माझ्या डोक्यातून ती जात नाही.

मी अमेरिकेतल्या एका शहराच्या बांधकाम खात्यात फूटपाथ तपासनीस आहे. इथे चौकाचौकात पेपरच्या पेट्या दिसतात. काहींत नाणी टाकली की दार उघडतं. आत अख्खा गठ्ठा हाताशी असतो, पण माणूस एकच अंक घेईल या भरवशावर ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. बाकीच्या पेट्या फुकट अंकांच्या: घरांच्या जाहिराती, नोकऱ्या, वस्तीतली साप्ताहिकं.

मी आधी पायथा बघतो. एका खांबावर उभी असलेली पेटी अंध माणसाला फसवते. काठी खालून निघून जाते आणि वरचा पत्रा अंगावर येतो. म्हणून इथल्या अपंगांसाठीच्या मानकांत जमिनीपासून २७ ते ८० इंचांच्या पट्ट्यात खांबावरची वस्तू वाटेत १२ इंचांपेक्षा जास्त पुढे यायला मनाई आहे. मग साखळी बघतो. दिव्याच्या खांबाला बांधलेली पेटी दिसली की वायरमनला तो खांब उघडताना काय त्रास होणार ते आधी दिसतं. आणि शेवटी बोल्ट. काँक्रीटला भोकं पाडून पेट्या ठोकतात, आणि नेताना बोल्टचे खुंट तसेच सोडून जातात. थंडीत त्या भोकांत पाणी गोठतं आणि काँक्रीट तडकतं. ते आम्ही दुरुस्त करायचं. पेटीवाला पुन्हा फिरकत नाही.

आत काय छापलंय ते मात्र बघायचं नाही. याला कारण ओहायो राज्यातले दोन खटले. लेकवूड शहरात पेटीला परवाना द्यायचा की नाही हे महापौरांच्या मर्जीवर सोडलं होतं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण अशा मर्जीत नावडत्या पेपरचा गळा दाबायची सोय असते. सिनसिनाटीत एकूण १५०० ते २००० पेट्या होत्या. शहराने त्यांतल्या फक्त जाहिरात-पत्रिकांच्या ६२ काढायला सांगितल्या. १९९३ मध्ये तेही टिकलं नाही. फूटपाथवरची अडचण सगळ्याच पेट्यांची, मग हटवायच्या फक्त ह्याच का, असा तो मुद्दा. हे निकाल मला मनापासून पटतात. माझ्यासारख्या सरकारी माणसाच्या हातात तो अधिकार नसावाच.

तर त्या दिवशीची तक्रार बसथांब्याजवळची होती. चाकांच्या खुर्चीतून जाणाऱ्या एका बाईंना तिथे रस्त्यावर उतरून पुढे जावं लागत होतं. सहा पेट्या होत्या. पाच कडेला ओळीत, सहावी ओळीबाहेर, झाडाच्या आळ्यासमोर. मधली वाट मोजली तर ३१ इंच. किमान ३६ हवी. मी नोटीस चिकटवली, दहा दिवसांची मुदत दिली.

ती सहावी पेटी वस्तीतल्या एका साप्ताहिकाची. संपादक सत्तरीच्या पुढचे, दर गुरुवारी स्वतःच्या गाडीतून अंक आणून पेट्या भरतात. ते टेप घेऊनच मला भेटायला आले. म्हणाले, "ओळीत सरकवतो की." पण ओळीत जागा नव्हती, आणि ओळीतल्या पाचांपैकी चार पेट्या मेलेल्या होत्या! आमच्या नियमात ३० दिवस रिकामी राहिलेली पेटी सोडून दिलेली धरतात. हे ठाऊक असल्यामुळे त्या कंपन्या प्रत्येक पेटीत एकच अंक ठेवतात. उन्हाने पिवळा पडलेला, मागच्या वर्षीचा.

मी वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, "आत अंक आहे ना? मग रिकामी नाही. मजकुराच्या भानगडीत पडू नकोस."

इथे ते चुकले, असं माझं आजही मत आहे. तारीख वाचणं म्हणजे मजकूर वाचणं नव्हे. वर्षभरात अंक बदलला नसेल तर तो अंक जागा अडवण्यापुरता ठेवलाय, मग तो कुणाचा का असेना. हा निकष सगळ्यांना सारखाच लागू होतो. खटल्याच्या भीतीने आमचं खातं इतकं आखडलंय की विचार करायलाही कुणी धजत नाही.

अकराव्या दिवशी ट्रक आला. गुरुवार होता. संपादकांनी सकाळीच पेटी भरली होती, बहुधा मी मन बदलेन या आशेवर. बोल्ट सोडवत असताना थांब्यावरच्या एका आजीबाईंनी विचारलं, "एक घेऊ का?" मी दार धरून उभा राहिलो. मग आणखी चौघं आले.

चाकांच्या खुर्चीतल्या बाई आता तिथून सरळ जातात. ते बघून मला बरं वाटतं, आणि तेवढ्यासाठी मी ती पेटी पुन्हा उचलेन. त्या चार मात्र तिथेच आहेत. तारखेच्या निकषाबद्दल मी दोन पानी टिपण वर पाठवलंय. उत्तर नाही.

गोदामात पेटी ३० दिवस ठेवतात, मग भंगारात जाते. आज बाविसावा दिवस. मी संपादकांना दोनदा फोन केला, दंड भरून घेऊन जा, दुसऱ्या कोपऱ्यावर जागा दाखवतो म्हणून. दुसऱ्यांदा त्यांनी फोन उचलला, ऐकून घेतलं, "बघतो" म्हणाले. काल गोदामात गेलो होतो. पेटीच्या काचेआड त्या गुरुवारचे उरलेले अंक अजून आहेत.