पत्र वाचणारा मुलगा

1986 साली, नववीत असताना, मी शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकात काम केलं. काम जेमतेम चार मिनिटांचं. पलटणीकडून गावात आलेलं पत्र वाचून दाखवणारा शाळकरी पोर.

नाटक आमच्या मराठीच्या बाईंनीच लिहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढायला गेलेले मराठा पलटणीचे जवान आणि कोकणात मागे राहिलेल्या त्यांच्या बायका. पहिल्याच तालमीला बाईंनी नाईक यशवंत घाडगे यांची हकिकत सांगितली. वय 22. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, तिचा मोर्चा जिंकला आणि तिथेच मारले गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण कबर कुठेच नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे तेवढंच.

‘‘तारीख 10 जुलै 1944. आपल्याकडे तेव्हा काय चालू असतं रे?’’ बाईंनी विचारलं.

‘‘भाताची लावणी!’’ आम्ही सगळे ओरडलो.

नाटक तिथून उभं राहिलं. युद्धाचे प्रवेश दोनच, एनसीसीचे गणवेश आणि वाळूच्या पोत्यांवर भागवलेले. बाकी सगळं नाटक चिखलात वाकलेल्या पाच बायकांचं. गोव्यातल्या फोंड्याकडच्या आमच्या गावात देवळातल्या उत्सवी नाटकांना गावच्या मुली उभ्या राहत नसत. बाया व्हायचे पुरुष, नाहीतर बाहेरून नट्या आणायच्या. बाई पाचही मुलींच्या घरी स्वतः गेल्या आणि आईवडिलांची परवानगी घेऊन आल्या. त्यांचं हे धाडस मला आजही फार मोठं वाटतं.

मला एकच ताकीद होती, रडायचं नाही. ‘‘तुला त्यातलं काही कळलेलं नाही. धडा वाचतोस तसं वाच, अक्षर लावत.’’

प्रयोगाच्या रात्री मी ‘धारातीर्थी’ या शब्दावर खरोखरच अडखळलो. धा... रा... ती... समोर चिडीचूप. बायकोचं काम करणारी दहावीतली ताई तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी हातात धरून तशीच उभी राहिली. जुडीतलं पाणी रंगमंचावर ठिबकत होतं, ते मला ऐकू येत होतं. शब्द पुरा व्हायच्या आत तिला सगळं कळलं होतं. हे तालमीत एकदाही झालं नव्हतं.

आजी पुढच्याच चटईवर बसली होती. आजोबा मुंबईला चाकरीला. 1955 साली गोव्याची आर्थिक नाकेबंदी झाली, रेल्वे बंद पडली, येणं-जाणं मुश्कील झालं. मुक्तीआधीच ते तिकडे वारले. आजीला वाचता येत नव्हतं. हे सगळं मला घरात तुटक तुटक ऐकून ठाऊक होतं, तिने स्वतः कधी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने पेटीतून पत्र्याचा डबा काढला, त्यातलं पिवळं पडलेलं एक पत्र माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, ‘‘नाटकांत वाचिल्लें तशें वाच. सवकास.’’