आमची वाटचाल : बॉनेटखालचं काम

बेळगावात उद्यमबागच्या मागच्या रस्त्यावर आमचं गाड्यांचं वॉशिंग सेंटर 2009 च्या दसऱ्याला सुरू झालं. एक रॅम्प, एक कॉम्प्रेसर, एक प्रेशर मशीन आणि दोन भागीदार. पैसे निम्मे माझे, निम्मे त्याचे. इंजिन धुण्याची पद्धत मात्र सगळी त्याची. बॉनेट उघडायचं, डिझेल फवारायचं, वरून प्रेशर गननं पाणी मारायचं. दहा मिनिटांत इंजिन चकचकीत, गिऱ्हाईक खूश. मला ते कधीच पटलं नाही. डिझेलनं रबरी होज फुगतात, बेल्ट घसरतो, आणि गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेट घ्यायची भीती. तरी मी गप्प बसलो, याची खंत आजही आहे.

2011 चा जुलै. शहापूरचं एक कुटुंब गोव्याला निघालं होतं. डिझेल गाडी, इंजिन गरमच. मी रॅम्पखाली दुसऱ्या गाडीला ग्रीस मारत होतो. भागीदारानं नेहमीसारखं पाणी मारलं, गाडी सुरू करून दिली. जांबोटी मागे पडली, कणकुंबी गेली आणि चोर्ला घाटात धो धो पावसात गाडी बंद. फोनला रेंज नाही, गाडीत दोन लहान मुलं. रात्री टोईंग करून गाडी बेळगावात आणली. ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्याचा कपलर काढला तेव्हा आतून पाणी टपकलं, ते मी उभा राहून बघितलं. नवा ईसीएम, वायरिंग, टोईंग, सगळं मी भरलं. त्यासाठी बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवाव्या लागल्या.

महिन्याभरात भागीदारानं आपला हिस्सा मागून घेतला आणि त्याच रस्त्यावर, आमच्या गेटवरून दिसेल असं, स्वतःचं सेंटर टाकलं. तेवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण गन त्या दिवशी माझ्या हातात होती, असं तो गिऱ्हाइकांना सांगत सुटला. नव्हती. चौदा वर्षं झाली, मी हे आज पहिल्यांदा लिहून काढतोय. त्या श्रावणात कित्येक दिवस आमच्याकडे एकही गाडी आली नाही. समोर रांग असायची.

तेव्हा आले ते खानापूरचे मास्तर, त्यांची मारुती 800 घेऊन. बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "मला घाई नाही गा. तुला जसं पटतंय तसं कर की. कुणाचं ऐकू नको."

त्या दिवशी मी गन भिंतीला टांगली. इंजिन हात टेकवता येईल इतकं गार होऊ दिलं. दहाचा पाना घेऊन बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवलं. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरच्या तोंडाला दुधाच्या पिशव्या बांधल्या. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराच्या पाकळ्या कुजून गच्च बसल्या होत्या, त्या बोटांनी काढल्या. पाणी निघायचं भोक तिथंच तुंबलं होतं. मग रंगाचा दोन इंची ब्रश, जुना टूथब्रश आणि ओलं फडकं. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इवलंसं इंजिन, त्याला मला अडीच तास लागले. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. मास्तरांनी खानापूरच्या बाजारात ज्याला-त्याला ते सांगितलं. तिथून गाड्या यायला लागल्या, आधी खानापूरच्या, मग निपाणीच्याही.

पुढची वर्षं नीट गेली. पाटल्या सोडवल्या, दुसरा रॅम्प घातला. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात चिखल शिरलेल्या गाड्या आल्या, तेव्हा तर रात्र-रात्र ब्रशच चालला.

घरी इंजिन साफ करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, कुणी विचारलं नाही तरी. गाडी सावलीत लावा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनच्या धुराच्या नळीवर, गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो. आधी पालापाचोळा आणि सुकी धूळ काढा. आपल्याकडची तांबडी माती ओली झाली की ती लादीसारखी बसते, म्हणून कोरडी असतानाच झाडायची. फ्यूज बॉक्स, ईसीएम, अल्टरनेटर, कॉईल झाका. पाण्यात मिसळणारा डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं औषध, थेट इंजिनवर न मारता ब्रशवर घ्या, वाळायच्या आत ओल्या फडक्यानं पुसा. स्पार्क प्लगच्या खोबणीत पाणी साचलं की गाडी मिसिंग मारते, झटके देते, तिथं ब्लोअर नक्की मारा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर हातमोजे घालून, खाण्याच्या सोड्याचं पाणी ब्रशनं लावा. फसफसून निघते. बॅटरीच्या झाकणाच्या आत ते जाऊ देऊ नका. रबर-प्लॅस्टिकला चमक हवी तर वॉटर-बेस ड्रेसिंग, आणि बेल्टला तेही नको. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरींना हातच लावू नका. हे वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर केलं तरी पुरतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी मी हेच सांगतो, पाणी मारू नको. कन्नड बोलणारा असेल तर, "नीर हाकब्याड". आज आमच्याकडं सहा जण आहेत, आणि गन अजून भिंतीलाच आहे.

गेल्या वर्षी समोर, जुन्या भागीदाराच्या बोर्डावर नवी ओळ आली, "हाताने इंजिन क्लीनिंग, आमची जुनी खासियत". मी ती वाचली तेव्हा संध्याकाळपर्यंत माझं कामात लक्ष लागलं नाही.

मास्तर आता गाडी घेऊन येत नाहीत, वय झालं. अंगणात नातू साफ करतो आणि हे खुर्चीवर बसून सांगतात. परवा त्यांचा फोन आला, "अरे, मायनस आधी काढायचं म्हणालास, ते खरं. पण लावायचं कधी?"

"शेवटी, मास्तर," म्हटलं. "प्लस काढलं असेल तर ते आधी लावा, पिशव्या सगळ्या काढल्या का बघा, मग मायनस."