जानेवारीनंतर गायब झालेली शेततळी

आमच्या शोधयंत्राला शब्द कळत नाहीत. उपग्रहचित्राचा तुकडा द्यायचा आणि विचारायचं, असंच आणखी कुठे आहे? त्या दिवशी मी जालन्याजवळच्या कडवंचीतलं एक शेततळं दिलं, फेब्रुवारी २०२१ मधलं. ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रात जेमतेम ९ पिक्सेल. तरी यंत्राने भराभर तळीच तळी काढून दिली. मी खूश. सर माझ्याहून खूश. नकाशा तासाभरात त्यांच्या सादरीकरणात.

तारखा पाहिल्या त्या आमच्या इंटर्नने. "मॅडम, जानेवारी २०२२ नंतरचं एकही चित्र नाही यात."

सर म्हणाले, आटली असतील. मलाही ते पटलं, कबूल करते. पण पोरगा जालन्याचा. "सगळी एकदम? तीही ऐन द्राक्षाच्या हंगामात?"

मग चित्रांचे कच्चे आकडे उघडले, म्हणजे प्रत्येक पिक्सेल किती उजळ ते सांगणारे. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपच्या अवकाश संस्थेने चित्रांवरची प्रक्रिया बदलली. अगदी काळोख्या पिक्सेलचं मूल्य उणे गेलं तर ते शून्यावर कापलं जाऊ नये, म्हणून प्रत्येक आकड्यात १००० मिळवले. ते वजा करा, असं सोबतच्या फाइलीत लिहिलेलं असतं. आमच्या स्क्रिप्टने ती ओळ कधी वाचलीच नव्हती. उघड्या जमिनीचे २५०० चे ३५०० झाले तर फार बिघडत नाही. पाण्याचे ३०० चे १३०० होतात, चौपटीहून जास्त! नेमकं तळंच ओळखू येईना.

पण स्क्रिप्टपेक्षा मला माझंच जास्त लागलंय. आमच्या शोधयंत्रामागच्या मॉडेलला 'हे तळं, हे शेत' असं कुणी सांगितलेलं नसतं. एकाच चित्राची दोन कातरणं देऊन 'ही एकाच घरातली' एवढंच शिकवायचं. शिकवताना उजेड मुद्दाम कमीजास्त करायची पद्धत आहे, म्हणजे मॉडेल नुसत्या उजेडावर विसंबत नाही. ती मी बंद केली होती. पाण्याची ओळख त्याच्या काळोखातच आहे, असा माझा हट्ट. मग मॉडेलला घर ओळखायची सोपी खूण सापडली: हजार आहेत की नाहीत.

उजेडाचा खेळ परत चालू करून पाहिला. सगळी वर्षं एकत्र आली, पण तळ्यांच्या यादीत शेडनेटची छपरंही घुसली. शेवटी हजार वजा केले, हट्ट तसाच ठेवला आणि मॉडेल नव्याने शिकवलं. आता कडवंचीची तळी २०२३ मध्येही दिसतात.

आधीच्या तीन महिन्यांत बाहेर पाठवलेल्या याद्या परत मागवायच्या का, यावर सर अजून काही बोललेले नाहीत. मीही पुन्हा विचारलेलं नाही.