मागावरचा कान

इचलकरंजीत कान तपासायला येणारा यंत्रमाग कामगार सहसा स्वतःहून येत नाही, बायको नाहीतर सून धरून आणते. "टीव्हीचा आवाज एवढा, की घरात बसवत नाही," ही तिची तक्रार. आणि काका म्हणणार, "मला ऐकू येतंय की. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलताय."

काका खोटं बोलत नसतात. गोंगाटानं कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, उंच पट्टीच्या आवाजांना; ऑडिओग्रामवर, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखावर, तिथंच खड्डा दिसतो. त्यामुळं स्वर पोचतात, पण स, श, फ, त निसटतात. आवाज कळतो, शब्द लागत नाहीत. मागांच्या खडखडाटात बोलणं ओठांवर आणि खुणांवरच चालतं, म्हणून ही मंडळी ओठ वाचण्यात पटाईत. शब्दांची चाचणी घेताना मी तोंडापुढं कागद धरते, तेव्हा कुठं खरा प्रकार उघड होतो. घरच्यांना कित्येक वर्षं पत्ताच नसतो.

धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या नळीच्या) साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. कारखाना नियमांच्या हिशेबानं ९० डेसिबलला ८ तास, १०० ला फक्त २. इथं पाळी १२ तासांची, मजुरी पिकावर (म्हणजे आडव्या धाग्यांच्या फेऱ्यांवर) आणि कापडाच्या मीटरवर. कानाला विसावा म्हणजे पगाराला कात्री. आवाज अडवायला कानात घालायचे प्लग पुढं केले की उत्तर तयार: "मॅडम, माग बिघडला तर आवाजावरनं कळतं, हे घालून कसं चालंल?" मुद्दा बिनतोड आहे. तरी मी प्लग देतेच.

चीड येते ती "वयानं होतं हो" या वाक्याची. चाळिशीतल्या माणसालाही हेच ऐकवतात! गोंगाटानं येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या रोगांच्या यादीत होता, २०२० च्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेतही आहे, आणि तसा रुग्ण आढळला की सरकारला कळवणं हे डॉक्टरचं काम. पण चार-सहा माणसांच्या शेडपर्यंत हे पोचतंय कुठं? म्हणून मी रिपोर्टवर 'यंत्रमाग, इतकी वर्षं' असं स्वच्छ लिहून देते. तुम्हीही लिहून मागा. भरपाईचा विषय निघालाच तर कागद लागतो.

आणि ऐकू येण्याचं मशीन घेतलंत तर ते लावून कामावर जाऊ नका. ते खडखडाटही वाढवून कानात सोडतं. शेडमध्ये प्लग, मशीन घरी आल्यावर.