जेर्झी डुडेकचे पान

25 मे 2005 रोजी क्रीडा विभागाची रात्रपाळी माझ्याकडे होती. इंग्लंडचा लिव्हरपूल आणि इटलीचा एसी मिलान या क्लबांमधील, युरोपातील फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना इस्तंबूलच्या अतातुर्क ऑलिम्पिक स्टेडियमवर होता, पण आपल्याकडे तो मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सुरू होणार असल्यामुळे बाहेरगावी लवकर जाणाऱ्या डाक आवृत्तीत फक्त पूर्वतयारीची बातमी गेली होती. शहर आवृत्तीत निकाल घेता यावा म्हणून छपाई विभागाकडून थोडी मुदत मागून घेतली होती. मध्यंतराला मिलान 3-0 असे पुढे होते. मालदिनीने पहिल्याच मिनिटात आणि क्रेस्पोने दोनदा गोल केल्यावर पान जवळजवळ लागून तयार होते. दुसऱ्या सत्रात 54 ते 60 या मिनिटांत लिव्हरपूलच्या जेरार्ड, स्मित्सर आणि अलोन्सो यांनी बरोबरी साधली. निर्धारित वेळ संपली तेव्हा मुदतही संपली होती, त्यामुळे ‘3-3, सामना अतिरिक्त वेळेत’ अशा मथळ्यानिशी पान सोडावे लागले.

पुढच्या अंकासाठीचा सविस्तर मजकूर मलाच लिहायचा असल्याने मी दूरचित्रवाणीसमोर बसून राहिलो. पाने लावणारा सहकारीही थांबला. तो मूळचा कोल्हापूरचा, आणि तिथे पेठेच्या संघाकडून गोलरक्षक म्हणून खेळलेला.

अतिरिक्त वेळेच्या अखेरीस, 117 व्या मिनिटाला, डावीकडून आलेल्या क्रॉसवर मिलानच्या शेव्हचेन्कोने अगदी जवळून हेडर मारला. लिव्हरपूलचा गोलरक्षक जेर्झी डुडेकने तो अडवला, पण चेंडू गोलरेषेपासून हातभर अंतरावर पुन्हा शेव्हचेन्कोच्याच पायाशी गेला. त्या वर्षी युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब मिरवणाऱ्या आघाडीवीराने तिथून पूर्ण ताकदीने फटका मारला, आणि जेमतेम उठू पाहणाऱ्या डुडेकच्या हाताला लागून चेंडू गोलच्या आडव्या खांबावरून बाहेर गेला. आम्ही दोघेही उभे राहिलो. पुनर्दर्शन सुरू झाल्यावर सहकारी म्हणाला, “बघा, पूर्ण उठायच्या आधीच त्याचा हात वर गेला. आपण पडलो की पहिल्यांदा उठायचं बघतो, आणि तेवढ्यात गोल होतो.” मी फुटबॉलवर बरेच लिहिले होते, पण गोलरक्षकाचे काम इतक्या जवळून पाहायला मला त्याने त्या रात्री शिकवले.

बरोबरी न सुटल्याने पेनल्टींचा टायब्रेकर घ्यायचा होता. त्यापूर्वी लिव्हरपूलचा बचावपटू जेमी कॅराघर डुडेकला पकडून तावातावाने काहीतरी सांगताना दिसला. 1984 साली रोममधील अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा तेव्हाचा गोलरक्षक ब्रूस ग्रोबेलारने पाय लटपटवून रोमाच्या खेळाडूंचे लक्ष विचलित केले होते, तसे कर, असे तो सांगत होता हे नंतर कळले. डुडेक गोलरेषेवर हात हलवत, उड्या मारत राहिला. मिलानच्या सर्जिन्होने चेंडू गोलच्या वरून मारला, पिर्लोची पेनल्टी डुडेकने अडवली. पिर्लोच्या वेळी तो रेषेच्या बराच पुढे आला होता. नियमाप्रमाणे ती पेनल्टी पुन्हा घ्यायला लावता आली असती, आणि हे लिहिल्याने त्याच्या कामगिरीला बाध येतो असे मला वाटत नाही. अखेरची पेनल्टी पुन्हा शेव्हचेन्कोची होती. डुडेक उजवीकडे झेपावला, चेंडू जवळजवळ सरळ आला, आणि मागे राहिलेल्या डाव्या हाताने त्याने तो परतवला. लिव्हरपूल पेनल्टींमध्ये 3-2 असे जिंकले तेव्हा आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आले होते.

दुपारच्या बैठकीत मुख्य उपसंपादकांना करंडक उंचावणाऱ्या जेरार्डचेच पान हवे होते. ते चूक नव्हते. सामन्याला कलाटणी त्यानेच दिली होती. तरीही मुख्य लेख गोलरक्षकावर असावा, असा आग्रह मी धरला. 117 व्या मिनिटाला तो चेंडू आत गेला असता, तर जेरार्डचा हेडर केवळ हुकलेल्या संधीची आठवण म्हणून उरला असता. अखेर छायाचित्र जेरार्डचे आणि लेख डुडेकचा, असे ठरले.

लेखासाठी वृत्तसंस्थांचा मजकूर चाळताना जो माणूस उभा राहिला, तो मला नायकापेक्षा कामगार जास्त वाटला. 1973 साली पोलंडच्या सायलेशियातील रिब्निक येथे खाणकामगाराच्या घरी त्याचा जन्म झाला, आणि खाणकामाचे शिक्षण त्यानेही घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलंडच्या यान तोमाशेव्स्कीने वेम्बलीवर इंग्लंडला 1-1 असे रोखून विश्वचषकाबाहेर ठेवले होते, म्हणजे थोर गोलरक्षकांची परंपरा त्या देशात होतीच. डुडेक मात्र क्नुरूफच्या छोट्या क्लबातून हळूहळू वर आला. 1996 मध्ये तो हॉलंडच्या फेयेनूर्डकडे गेला, 1999 मध्ये त्या संघासह लीग विजेता ठरला, आणि 2001 च्या ऑगस्टअखेरीस लिव्हरपूलला पोहोचला. डिसेंबर 2002 मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध कॅराघरने हलकेच मागे दिलेला चेंडू त्याच्या हातांतून आणि पायांमधून निसटला, युनायटेडच्या फोर्लानने गोल केला आणि लिव्हरपूल घरच्या मैदानावर हरले. तो प्रसंग त्याला चिकटला. तीनच महिन्यांनी कार्डिफला लीग कपच्या अंतिम सामन्यात त्याच युनायटेडला 2-0 असे हरवताना डुडेक सामनावीर ठरला, हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात राहिले. मी लेखात ते दोन्ही सामने शेजारी शेजारी ठेवले, कारण इस्तंबूलची रात्र दैवाने दिली, असे त्या दिवशी सगळीकडे लिहिले जात होते आणि मला ते पटत नव्हते.

लेख छापून आला त्यानंतर काही आठवड्यांतच लिव्हरपूलने पेपे रेना या स्पॅनिश गोलरक्षकाला घेतले आणि डुडेक राखीव झाला. ती बातमी लावताना मला मनापासून वाईट वाटले. संघात गोलरक्षकाची जागा एकच असते, हे व्यावहारिक उत्तर मला ठाऊक होते, तरी वाईट वाटलेच. 2006 च्या विश्वचषकासाठी पोलंडच्या संघातही त्याला स्थान मिळाले नाही. 2007 मध्ये तो रेआल माद्रिदला गेला आणि तिथला मुख्य गोलरक्षक कासियासच्या मागे चार हंगाम बसून राहिला. मे 2011 मध्ये आल्मेरियाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्याला बदलले गेले, तेव्हा माद्रिदच्या खेळाडूंनी मैदानात दोन रांगा करून त्याला मानवंदना दिली.

जून 2013 मध्ये लिकटेन्स्टाइनविरुद्ध तो पोलंडसाठी आपला साठावा आणि अखेरचा सामना खेळला. वृत्तसंस्थेकडून आलेली बातमी चार ओळींची होती. तिच्याखाली 117 व्या मिनिटाची हकिकत जोडून मी ती दोन रकान्यांत लावली, आणि त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही.